आधीचा घास गेला का, ते बघ

चि. बाळ,

तुझं पत्र वाचलं. आजी घास गालात धरून बसते आणि मामी म्हणतात नाटकं करते. नाटक नाही गं ते! आजीला स्मृतिभ्रंश आहे; ज्या मेंदूला तुझं नाव सापडत नाही, त्यालाच 'चावून झालं, आता गिळायचं' हा क्रमही सापडत नाही. घसा ठणठणीत असला तरी असं होतं.

तेव्हा आधीचा घास गेला का, ते बघ. गळ्यावर हलकेच दोन बोटं ठेव, गिळताना घाटी वर उचलली जाते. मग गालात बॅटरी मारून बघ, आणि मगच दुसरा चमचा. ताट संपवायची घाई कुणाला आहे?

ठसका लागत नाही म्हणून तू निर्धास्त आहेस, तिथेच मला धास्ती वाटते. या आजारात ठसक्याची जाणीवही मंदावू शकते. पाणी, चहा गुपचूप श्वासनलिकेत उतरतो आणि मागाहून न्यूमोनिया होतो. जेवल्यावर आवाज घरघरला तर सावध हो. नाचणीची आंबील किती दाट द्यायची, ते स्पीच थेरपिस्टला विचार, गिळण्याच्या तक्रारीही तेच बघतात, मनानं ठरवू नको. दाट केलं की म्हातारी माणसं कमी पितात, आणि अंगात पाणी कमी पडलं की गोंधळ आणखी वाढतो. भरवताना तिला सरळ बसव, तिचे दात रोज घासून दे. झोपेच्या गोळ्यांनीही गिळणं मंदावतं, हे डॉक्टरांशी बोल.

पोटात अन्न घालायच्या नळीचं म्हणशील, तर माझ्या सासूबाईंना ती घातली, कारण वॉर्डात भरवायला कुणाला वेळ नव्हता. त्यांनी ती ओढू नये म्हणून हात बांधले होते. माझं काही चाललं नाही, ती खंत अजून जात नाही. घरी आल्यावर मात्र मी नळी काढायला लावली आणि हातानं भरवलं. सगळे हेकट म्हणाले, म्हणोत. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीपेक्षा सावकाश हातानं भरवावं, असं अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीनं, म्हणजे म्हाताऱ्यांच्या आजारांवरच्या तज्ज्ञांच्या संघटनेनंही 2014 मध्ये सांगितलंय. मी ते वाचायच्या आधीपासून करत होते.

बेळगावला तपासणीला नेशील तेव्हा आजीजवळच उभी राहा. तिला खानापूरकडची मराठीच कळते. कानडीतल्या प्रश्नांना ती गप्प राहिली, तर कागदावर स्मरणशक्ती आहे त्याहून वाईट दिसेल. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने.

आणि मामींना भरवायला बसवलंस, तरी शेजारी बस. आधीचा घास गेला का, ते त्यांनाही दाखव.

तुझी मावशी