आमदारकीसाठी एनडीए?

प्रश्न : मी अकरावी कला शाखेत आहे, वय १७. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, बाबा सरपंच आहेत. मला पुढे आमदार व्हायचंय. स्पेनची राजकन्या, इंग्लंडचे राजपुत्र आधी सैन्यात जातात असं वाचलं. बाबा म्हणतात, अंगावर वर्दी चढली की मतं आपोआप येतात. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) करायचं, पाच-सहा वर्षं सैन्यात नोकरी करायची आणि मग राजकारणात यायचं, हे जमेल का?

उत्तर : ‘आमदार व्हायचंय’ असं सरळ लिहिणारी मुलगी माझ्या टपालात क्वचितच सापडते, त्यामुळे तुझं पत्र दोनदा वाचलं. पण हिशेब उलटा मांडलायस.

तू म्हणतेस ती राजकन्या लिओनोर. २०२३च्या ऑगस्टमध्ये ती सारागोसाच्या लष्करी अकादमीत दाखल झाली, पुढच्या वर्षी मारिनच्या नौदल शाळेत गेली, २०२५मध्ये शिडाच्या प्रशिक्षण जहाजावरून अटलांटिक ओलांडून आली आणि मग सान हाविएरला हवाई दलाकडे. तीन वर्षांत तिन्ही दलं! स्पेनच्या संविधानात सैन्यदलांचं सर्वोच्च सेनापतिपद राजाकडे असतं, म्हणून ही धावपळ. तिची खुर्ची जन्मापासून ठरलेली आहे, प्रशिक्षण नंतर आलं. तुला वर्दीतून खुर्ची मिळवायची आहे. ही वाट वेगळी.

आपल्याकडचं उदाहरण बघ. जयपूरचे सवाई भवानी सिंग १९७१च्या युद्धात १० पॅरा कमांडोचे प्रमुख होते. डिसेंबरात सिंधमधल्या छाछरोवर त्यांच्या तुकडीने छापा घातला, त्यांना महावीर चक्र मिळालं. त्याच डिसेंबरात २६वी घटनादुरुस्ती झाली आणि संस्थानिकांचे तनखे, किताब गेले. म्हणजे बापजाद्यांचं गेलं आणि स्वतःचं कमावलेलं राहिलं. हेच भवानी सिंग १९८९ला जयपुरातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. राजघराणं, कमांडो, महावीर चक्र, सगळं असून! बाबांना हे जरूर वाचून दाखव.

उलट बाजूही आहे. पतियाळाचे अमरिंदर सिंग एनडीएतूनच शीख रेजिमेंटमध्ये गेले, १९६५च्या सुरुवातीला राजीनामा दिला आणि युद्ध पेटल्यावर परत रुजू झाले. पुढे दोनदा मुख्यमंत्री झाले तरी लोक त्यांना ‘कॅप्टन’च म्हणत राहिले. वर्दीचा मान खोटा नाही. घराघरातून सैनिक देणारं अपशिंगे मिलिटरी हे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या मुलीला मी हे काय सांगणार! पण अमरिंदर सिंगांच्या मागे पतियाळाचं घराणंही होतं, आणि ते तुझ्यामागे नाही.

आता तुझ्या ‘पाच-सहा वर्षां’बद्दल. एनडीएतून मिळतं ते कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक. तीन वर्षं खडकवासला, एक वर्ष डेहराडून, मग नोकरी. मनात आलं म्हणून सोडता येत नाही, राजीनामा मंजूर व्हावा लागतो. अधिकाऱ्याला पेन्शन साधारण वीस वर्षांनी, म्हणजे तू तेव्हा चाळिशी ओलांडलेली असशील. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिसने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीने गेलीस तरी दहा वर्षं धर. आणि या सगळ्या काळात राजकारण बंद. लष्करी नियमांनुसार सेवेत असताना राजकीय सभेलाही जाता येत नाही. बाबांच्या प्रचारफेरीत चालणं तर सोडूनच दे.

मुलाखतीचंही सांगते. एसएसबी, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीची मुलाखत, पाच दिवस चालते. त्यात एका चाचणीत ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. ‘नेता’ शब्द आला की तुझ्या हातून काय उतरेल? मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा तिघं वेगवेगळे बघतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. पाठ केलेलं उत्तर तिथे टिकत नाही. बाबा सरपंच आहेत हे मात्र बिनधास्त लिही, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तिसरी एक वाट तुझ्या पत्रात नाही, ती टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांच्या अर्धवेळ सैन्याची. पदवी आणि स्वतःच्या कमाईचा कामधंदा हवा, वय १८ ते ४२. आपलं काम सांभाळून वर्षातले काही आठवडे प्रशिक्षण. सचिन पायलट २०१२ला आणि अनुराग ठाकूर २०१६ला खासदार असतानाच तिथे लेफ्टनंट झाले. आधी राजकारण, मग वर्दी! तुझ्या स्वभावाला हे जास्त जुळेल असं मला वाटतं, पण मी तुला भेटलेली नाही.

आमदारकीला वय २५ पुरे लागतं, ग्रामपंचायतीला २१. तोवर पदवी घे, बाबांबरोबर ग्रामसभेला बस, चौदाव्या-पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावात कुठे मुरला ते दप्तरात शोध. (बाबा रागावले तर माझं नाव सांग.)

आणि आमदारकी बाजूला ठेवूनही सैन्य हवंच असेल, तर दार उघडं आहे. मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, मे २०२५मध्ये एनडीएतून बाहेर पडली. कला शाखेला असलीस तरी आर्मीसाठी अर्ज चालतो, नौदल-हवाई दलासाठी नाही. पण गणिताचा ३०० गुणांचा पेपर कोणालाच चुकत नाही. दहावीनंतर गणित सोडलं असशील, तर आठवीच्या बीजगणितापासून सुरुवात कर. महिनाभर रोज तास दीड तास बसून बघ आणि कितव्या प्रकरणावर अडलीस ते पुढच्या पत्रात लिही.