कारला आफ्टरमार्केट एअर फिल्टर लावताना इनटेक टेम्परेचर सेन्सर कुठे बसवायचा?

नवीन पाइपला इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या या सेन्सरसाठी भोक नाही, फिटर म्हणतोय बाजूला बांधून टाकू, चालेल का असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. बांधू देऊच नका. याच गोष्टीवरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चाललाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आबांची २००७ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेली. मी हौसेनं तिला कोन फिल्टर आणि ॲल्युमिनियमचा पाइप बसवून घेतला. बसवणाऱ्यानं जुना सेन्सर उपसला आणि केबल टायनं रेडिएटरच्या मागच्या वायरिंगला बांधून टाकला. कोल्हापुरात फिरताना काहीच जाणवलं नाही, उलट आवाज भारी येत होता. मग मे महिन्यात सगळे रत्नागिरीला गेलो आणि येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो तर गाडी ओढेचना, दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबलेला, एसी बंद केला तरी गचके देतेय, मागे एसटी हॉर्न मारतेय आणि आबा एक शब्द बोलत नाहीत. मागच्या सीटवर दाजी होते. त्यांनी तिथंच निकाल दिला की फिल्टरनं इंजिन घालवलं, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात तेच सांगतात.

इंजिनला काहीही झालं नव्हतं. हवा ४० डिग्रीवरून ७० ला गेली की घनता जवळपास ९ टक्के उतरते, त्या हिशेबानं ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी सोडतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं घेतो. इंजिनात जात होती एक हवा आणि सेन्सरला लागत होती रेडिएटरची. सपाट रस्त्यावर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ही चूक सांभाळून घेतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर ईसीयू त्याच्याकडे बघत नाही, म्हणून घाटातच सगळं उघडं पडलं.

मी सेन्सर काढून घरी मल्टीमीटरवर त्याचा रेझिस्टन्स तपासला, टोक गरम झालं की तो उतरायला हवा. गार पाण्यात टोक बुडवलं की अडीच किलोओहमच्या आसपास, कढत पाण्यात तीनशे-साडेतीनशे ओहम. म्हणजे सेन्सर ठणठणीत, जागा चुकलेली. मग पाइप घेऊन उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो आणि त्याच्याकडून नायलॉनचा बुश करून घेतला, कारण ॲल्युमिनियम तापतं आणि सेन्सर थेट त्यात बसवला तर तो हवेऐवजी पाइपचं तापमान सांगत बसतो. बुशच्या आत रबरी ग्रोमेट, त्यात सेन्सर घट्ट, टोक हवेच्या मधोमध. दुसऱ्या वेळी तोच घाट आबांनी स्वतः चढवला, तिसऱ्या गिअरला.

तर तुमच्यासाठी: फिल्टरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) अलीकडे बसवा. भोक पाइप गाडीतून काढूनच पाडा आणि आतला कीस फडक्यानं पूर्ण पुसून घ्या, तो इंजिनात गेला तर मग दाजी खरे ठरतील. वायर ताणू नका, जोडून लांब करा. सेन्सर नुसता काढून ठेवला तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०११३ हा एरर कोड दिसतो. आणि पिकअप वाढवणारी म्हणून जी स्वस्त चिप विकतात तो बऱ्याचदा साधा रेझिस्टर असतो, हवा थंड आहे असं ईसीयूला खोटं सांगणारा. पेट्रोल जास्त जळतं, बाकी काही नाही, घेऊ नका.

आता खरं सांगायचं तर नुसत्या फिल्टरनं रोजच्या गाडीची पॉवर जाणवण्याइतकी वाढत नाही. बॉनेटखाली उघडा ठेवला तर ट्रॅफिकमध्ये तो गरमच हवा ओढतो, मी नंतर पत्र्याचा आडोसा केला. कंपनीच्या डब्यात बसणारा फिल्टर घेतला असता तर सेन्सरला हात लावायचीच गरज नव्हती, हे दाजींचं म्हणणं मला मान्य आहे, पण इंजिन फिल्टरनं घालवलं हे नाही. वॉरंटीत गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि तुमच्या गाडीत एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर, असेल तर तापमानाचा सेन्सर बहुतेक त्याच्यातच असतो, मग वेगळा बसवायचा प्रश्न नाही, फक्त तेल लावलेला फिल्टर असेल तर जादा तेल लावू नका, एमएएफच्या तारेवर बसतं. गाडी कुठली ते लिहिलं नाहीत, ते सांगा.