'पुट ऑफ' म्हणजे बंद करणं की पुढे ढकलणं?

लाईट पुट ऑफ कर म्हणतात आणि मीटिंग पुट ऑफ झाली असंही म्हणतात, मग खरा अर्थ कोणता, असं तुम्ही विचारलंय. या एका शब्दापायी मी चांगलाच तोंडावर पडलोय म्हणून लिहितो.

नाशिकला द्राक्ष एक्स्पोर्टच्या एका ऑफिसात होतो तेव्हाची गोष्ट, फेब्रुवारी, ऐन सीझन. बाहेरच्या बायरचा मेल आला, 'लेट्स पुट ऑफ द लोडिंग'. लहानपणापासून घरात 'फॅन पुट ऑफ कर' हेच ऐकलेलं, त्यामुळे माझ्या डोक्यात पुट ऑफ म्हणजे बंद. लगेच बागवाल्याला फोन, तात्या, ऑर्डर गेली, माल तोडू नका. तात्या बिचारे लोकल व्यापाऱ्याशी भाव बोलायला बसले. संध्याकाळी साहेबांनी मेल बघितला आणि ओरडलेच, अरे लोडिंग फक्त पुढे गेलंय! नशीब, सौदा ठरला नव्हता.

तर पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, काम होणारे पण आत्ता नाही. रद्दच असेल तर कॉल ऑफ. गोदेला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती (नाशिककर त्याच्यावरूनच पूर मोजतात) निम्मा पाण्यात गेला आणि रामकुंडावरचा कार्यक्रम 'पुढच्या रविवारी घेऊ' म्हटलं तर पुट ऑफ, 'यंदा नाहीच' म्हटलं तर कॉल ऑफ.

वापरताना 'पुट इट ऑफ' म्हणायचं, 'पुट ऑफ इट' नाही. आणि पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं: 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट'. (माझी दाढ दिवाळीपासून ठणकतेय, त्यामुळे हे वाक्य पाठ आहे.)

अजून एक अर्थ आहे, तो माणसाला लागतो. समोर मस्त तर्रीवाली मिसळ आलीय आणि तेवढ्यात पोऱ्याने त्या कळकट फडक्याने टेबल पुसलं, तो वास नाकात गेला की खायची इच्छाच उडते बघा, ते 'द स्मेल पुट मी ऑफ'. उधारी मागायला गेल्यावर 'आज नको, उद्या या' करत टोलवतात तेही 'ही पुट मी ऑफ'.

लाईट-फॅनसाठी पुट ऑफ अगदीच चूक नाही, पण मेलमध्ये टर्न ऑफ नाहीतर स्विच ऑफ लिहा. घरी आई अजून पुट ऑफच म्हणते, मी उठून बटण दाबतो.