काजूचा चीक हाताला का चावतो?

प्रश्न : शिमग्याच्या सुमारास ओले काजूगर काढते. रात्री हात चुरचुरतात, दोन दिवसांनी बोटांची सालं निघतात. पाण्याने कितीही धुतलं तरी उपयोग होत नाही. काय करावं? (एक वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : पाण्याने धुऊन उपयोग होणारच नाही, कारण तो चीक म्हणजे तेल आहे. काजूबी आडवी कापून बघा. बाहेरची साल आणि आतलं कठीण कवच यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र थर दिसेल, त्यात हे तेल भरलेलं असतं. त्यात सर्वात जास्त असतं अ‍ॅनाकार्डिक आम्ल, त्याखालोखाल कार्डोल. दोन्ही रेणूंना पंधरा कार्बनांची लांब शेपटी असते. तिच्यामुळे ते पाण्यात विरघळत नाहीत, पण कातडीच्या तेलकट थरातून सहज आत शिरतात. भाजल्यासारखी आग लगेच होते. खाज आणि फोड मात्र एक-दोन दिवसांनी उठतात, ती अ‍ॅलर्जी असते. म्हणून एका घरात एकीला काही होत नाही आणि दुसरीचे हात सुजतात.

कामाला बसण्याआधी दोन्ही हातांना मिळून दोन चमचे खोबरेल चोळा, नखांच्या कडांना आणि बोटांच्या बेचक्यांत विसरू नका. पंधरा-वीस बिया झाल्या की हात जुन्या फडक्याला पुसा आणि पुन्हा तेल लावा. राख वापरत असाल तर ती कोरडीच हवी. ओली झाली की तिचा खार कातडीला चावतो. हातमोजे घेणार असाल तर लेटेक्सपेक्षा नायट्राइलचे बरे. काम संपल्यावर आधी तेल लावून पुसायचं, मग कोमट पाणी आणि साबण. घासायचं नाही, आधीच सोललेली कातडी आणखी फाटते. फडकं आणि विळी वेगळी धुवा, नाहीतर तोच चीक दुसऱ्याच्या हाताला लागतो. गर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की सालपट सुटतं. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडा आणि डॉक्टरांकडे जा. बी दाताने फोडायला मुलांना अजिबात देऊ नका, ओठांना फोड येतात.

प्रश्न : भाजल्यावर हा दोष जातो का?

उत्तर : अर्धाच. आचेने अ‍ॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते कार्डेनॉल, जे रंग-वार्निशात आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात वापरतात. पण कार्डोल तसंच राहतं, म्हणून भाजलेल्या बियासुद्धा राखेत घोळूनच फोडाव्यात. बिया भाजायच्या त्या उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. टरफलं घरातल्या चुलीत जाळू नका. त्या धुराने डोळे आणि घसा दोन्ही चुरचुरतात.

प्रश्न : आंबे उतरवताना देठाचा चीक उडून चेहऱ्यावर पुरळ येतं. काजूशी याचा संबंध आहे?

उत्तर : आहे. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकात कार्डोलच्याच जातीचे रेसॉर्सिनॉल असतात. देठ मोडताच पहिल्या काही क्षणांत चीक जोरात उडतो, तेव्हा फळ तोंडापासून लांब धरा. ‘नूतन झेला’ या आंबे काढायच्या सुधारित झेल्याने आंबा देठासकट उतरवलात तर फळावर काळे डागही पडत नाहीत.