लिबव्हर्टचे (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) नेटवर्क, स्टोरेज ड्रायव्हर एकटे वापरता येतात का?

येतात रे, बिनधास्त वापर. २०१८ मधल्या ४.१.० आवृत्तीपासून क्यूईएमयूला (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) हात न लावता थेट नेटवर्क किंवा स्टोरेज ड्रायव्हरला कनेक्ट होता येतं, म्हणजे मडगावच्या घरातल्या जुन्या पीसीवर एकही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) नसला तरी पूल (डिस्क इमेज ठेवायची जागा) बनव, डिस्क इमेज (आभासी डिस्कची फाइल) तयार कर, ब्रिज (आभासी नेटवर्क स्विच) उभा कर, त्यावर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणं) पण देतो. सध्या हे दोनच शीक. सीक्रेट (पासवर्ड, किल्ल्या जपणारा) आणि एनडब्ल्यूफिल्टर (व्हीएमचं नेटवर्क ट्रॅफिक गाळणारा) या ड्रायव्हरांचा एकट्याने तसा उपयोग नाही.

नवीन माणसं हमखास इथे अडकतात:
- नेटवर्कला ऑटोस्टार्ट (आपोआप सुरू होणं) लावत नाहीत, मग पावसात लाइट गेली की पीसी परत चालू होतो पण नेटवर्क बंदच
- पूलच्या फोल्डरात फाइल हाताने टाकतात आणि पूल-रिफ्रेश (पूलची यादी ताजी करणारी कमांड) विसरतात

नुसता साधा ब्रिज हवा असेल तर मात्र नेटवर्कमॅनेजर (लिनक्समधलं नेटवर्क सांभाळणारं साधन) पुरे.