शेतकऱ्यांचे प्रश्न : थंडीची लाट आणि द्राक्षबाग

प्रश्न : चिखली तालुक्यात (जि. बुलडाणा) आमची एक एकर थॉमसन सीडलेसची बाग असून गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केली आहे. मागील वर्षीही छाटणी याच सुमारास होती. डिसेंबरअखेर थंडी वाढली तेव्हा रात्रभर काडीकचरा पेटवून धूर केला, तरी नाल्याकडच्या चार ओळींतील मणी गुलाबी पडले व व्यापाऱ्याने तेवढा माल नाकारला. वरच्या ओळींना काही झाले नाही. यंदा काय करावे?

उत्तर : नुकसान केवळ नाल्याकडच्या ओळींत झाले, यावरून थंडी आपल्या वावरात कोठे साचते ते स्पष्ट होते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट भागात थांबते. खालच्या धुऱ्यावर दाट झुडपे असल्यास ती बांधासारखी तिला अडवतात, म्हणून तेथे थोडी वाट मोकळी करावी. शेवरीसारखे वारारोधक कुंपण थंड वारे येतात त्या उत्तरेच्या बाजूला असावे.

धुराविषयी थोडा गैरसमज आहे. जमिनीतून रात्री निघून जाणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. फायदा होतो तो शेकोट्यांच्या उबेचा आणि त्यामुळे हवा खालीवर मिसळण्याचा. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा खालच्या बाजूला लहान लहान शेकोट्या अंतराअंतराने ठेवाव्यात, पहाटेपर्यंत टिकवाव्यात आणि वेलीला झळ लागू देऊ नये.

खरा आधार ओलाव्याचा आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते व रात्री ती सावकाश सोडते. शिवाय पहाटे विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. थंडीचा इशारा मिळताच ठिबकने पहाटेच्या सुमारास पाणी द्यावे. शेतीला मिळणाऱ्या रात्रीच्या विजेला एरवी आपण नावे ठेवतो, पण या चार-सहा दिवसांत तिचा उपयोग होतो. मात्र तुषार सिंचनाने पाने भिजवू नयेत, कारण आधीच धुई आणि दव असताना त्यातून डाऊनी (केवडा) रोगाला आमंत्रण मिळते. सोयाबीनचे कुटार बोदावर (वेलींच्या ओळीतील वरंब्यावर) पसरल्यास मुळे उबदार राहतात, परंतु तेच आच्छादन जमिनीची ऊब वेलीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून ते बोदापुरते ठेवून ओळींमधली जमीन उघडी व ओलसर असावी.

मणी गुलाबी होणे हा रोग नसून विकृती आहे, त्यामुळे बुरशीनाशकाने ती थांबत नाही. मण्यांत पाणी उतरण्याच्या (मणी मऊ होऊन पिकू लागण्याच्या) वेळी दिवसा कडक ऊन आणि रात्री पारा दहा अंशांखाली, अशी तफावत पडली की हिरव्या वाणांच्या मण्यांत गुलाबी रंगद्रव्य तयार होते व एकदा आलेला रंग परत जात नाही. ऑक्टोबरच्या छाटणीला हा काळ साधारण डिसेंबरअखेर येतो आणि विदर्भातील कडाका बहुधा तेव्हाच पडतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून पाणी उतरण्यापूर्वी आठ-दहा दिवस घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा. एक एकराला मजुरी परवडत नसेल, तर निदान त्या चार ओळींना तरी गुंडाळावाच. घडांवरची पाने या काळात काढू नयेत. थंडीत मण्यांची फुगवण मंदावते. ती वाढावी म्हणून संजीवकाची मात्रा वाढवणे व्यर्थ आहे.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात डॉगरिज या खुंटावर (मुळांसाठी वापरलेल्या द्राक्षजातीवर) कलम केलेल्या पहिल्या वर्षाच्या वेली आहेत. पाने जांभळट होऊन वाढ थांबली आहे. रिकट (कलमाची काडी पुन्हा आखूड कापणे) आताच, डिसेंबरमध्ये, घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. गार जमिनीत मुळे स्फुरद नीट उचलत नाहीत, त्यामुळे पाने जांभळट दिसतात. ऊब वाढली की नवी फूट सहसा हिरवी येते. आता काडी कापल्यास डोळे उशिरा व मागेपुढे फुटतील. रात्रीची थंडी ओसरल्यावर, जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रिकट घ्यावा आणि तोवर युरिया टाळून बेताचे पाणी द्यावे.