अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात टीव्ही जाहिरातींचा जोर कधीपासून सुरू झाला?
१९५२ पासून. रिपब्लिकन उमेदवार जनरल आयझेनहॉवर यांच्यासाठी रॉसर रीव्ह्ज या जाहिरातवाल्याने डोकं लढवलं: लांबलचक भाषण कोण ऐकतंय, लोकप्रिय कार्यक्रमांच्या मध्ये २०-२० सेकंदांचे तुकडे घुसवा; त्यात सामान्य माणूस प्रश्न विचारणार आणि आयझेनहॉवर उत्तर देणार.

खरी गंमत चित्रीकरणात आहे. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जनरलसाहेबांचा चष्मा काढून ठेवला, समोर ठळक अक्षरांतले फलक धरले आणि एका दिवसात ४० उत्तरं उरकली. प्रश्न विचारणारी माणसं नंतर रेडिओ सिटी म्युझिक हॉलपाशी गाठली! म्हणजे आधी उत्तर, मग प्रश्न.

डेमोक्रॅट स्टीव्हन्सन यांनी या प्रकाराला नाक मुरडलं, अर्ध्या-अर्ध्या तासाची भाषणं दिली आणि सपाटून हरले (कारण अर्थात एकटा टीव्ही नव्हे). १९५६ मध्ये डेमोक्रॅटांनी आयझेनहॉवरचे हेच जुने तुकडे दाखवून आश्वासनांचा हिशेब मागणाऱ्या जाहिराती काढल्या. तरी पुन्हा हरलेच.